आमचं राहिलेलं मंगलाष्टक

माझं लग्न झालेलं नाही, असं ठाम मत असलेला एकच माणूस रायपुरात होता आणि मी त्याच्याच घरात वरच्या मजल्यावर बायको-मुलासह भाड्यानं राहत होतो. लग्नाची रीतसर नोंद होती, अल्बम होता, मुलगा शाळेत जाऊ लागला होता. आमच्या या घरमालक काकांपुढे यातला एकही पुरावा टिकत नसे. ‘तुमचं लग्न लागून राहिलं हाये अजून,’ एवढं ते शांतपणे सांगत आणि माझ्याच बायकोला चहा टाकायला लावत. तीही हसत चहा टाकायची. या बाबतीत ती त्यांच्या बाजूची होती, हे मला फार उशिरा कळलं.

काका तात्यापाऱ्यातले, म्हणजे रायपूरच्या जुन्या मराठी वस्तीतले. आजोबा वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीत इकडे आलेले, वडील रेल्वेत, हेही रेल्वेच्या ऑफिसातून हेडक्लार्क होऊन रिटायर झालेले. स्वतः लग्न केलं नाही आणि दुसऱ्याचं एक सोडलं नाही. गावातल्या कुठल्याही मराठी लग्नात मंगलाष्टकं म्हणायला ते हजर असत. बोलावलं तर मानानं जात, नाही बोलावलं तर हक्कानं जात. आवाज मोठा होता. गोड होता असं कोणी म्हणत नसे, पण माइक बंद पडला तरी कार्यालयाच्या फाटकापर्यंत शब्द न् शब्द पोचायचा. शेवटचं मंगलाष्टक मात्र त्यांचं स्वतःचं, त्या जोडप्यासाठी खास रचलेलं. त्यात दोन्हीकडचे मामा, नवऱ्याचं डिपार्टमेंट, नवरीचं शिक्षण आणि शिवाय एखादा उपदेश, असा सगळा माल शार्दूलविक्रीडितात कोंबलेला असे. एका लग्नात त्यांनी ‘झोपाया निघता कधी विसरु ना, गॅसास बंदी करा’ अशी ओळ इतक्या आर्ततेनं म्हटली होती की नवरीची आई रडली.

मी खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझी नोकरी विचारली नाही, पगार विचारला नाही. आईचं माहेरचं आडनाव तेवढं विचारलं. मला वाटलं, ओळख निघतेय का बघताहेत. पुढे कळलं की माझं मंगलाष्टक त्यांनी त्याच दिवशी रचायला घेतलं होतं. तेव्हा माझ्या लग्नाचा घरच्यांनीसुद्धा विचार केलेला नव्हता.

त्यांच्या स्कूटरचा हॉर्न कधीकाळी मेला होता. तो दुरुस्त करण्याऐवजी सदर बाजारच्या गर्दीत ते ‘सावधाऽऽन’ असा सूर लावत. माणसं बाजूला व्हायची. सराफ दुकानातून मान बाहेर काढून हात जोडायचे. मागं बसलेल्या मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा मी विचारलं, काका, इतक्यांची लावली, स्वतः का नाही केलं? ते म्हणाले, ‘माह्या लग्नात मंगलाष्टकं कोनं म्हटली असती? दुसऱ्याचा सूर मले चालत नाही.’

माझं लग्न ठरलं ते ऑफिसातल्याच मुलीशी. ती रायपूरलगतच्या बीरगांवची, छत्तीसगढी घरातली. वडील तिथल्याच उरला औद्योगिक वसाहतीत, कारखान्यात. तिच्या घरच्यांना आमच्या पद्धतीचं लग्न बघायची भारी हौस होती, पण अंतरपाट म्हणजे काय, अक्षता कधी टाकायच्या, हार कधी घालायचा, यातलं काही ठाऊक नव्हतं. काकांनी त्यांच्यासाठी एक सोपा नियम करून दिला. बँड वाजला की लग्न लागलं. अंतरपाट काढायचा, हार घालायचे, हातातल्या सगळ्या अक्षता टाकायच्या. आणि बँडमास्तरला दम दिला की मी हात वर केल्याशिवाय पिपाणी तोंडाला लावायची नाही.

मे महिना होता. रायपूरचा मे. काका कोट घालून आले होते. एकेक मंगलाष्टक झालं. त्यांच्या रचनेच्या आधीचं जे होतं, त्यातलं ‘सावधान’ त्यांनी इतकं लांबवलं की माझ्या मामांनी घड्याळ बघितलं. मग काकांचा हात वर गेला. बँड दणाणला. दोघांनी अंतरपाट ओढला, माझ्या बायकोनं शिकवल्याप्रमाणे पुढच्या क्षणाला माझ्या गळ्यात हार टाकला, आणि बीरगांवच्या मंडळींनी मुठी रिकाम्या केल्या. मी हार घालायला हात उचलले तेव्हा तिच्या खांद्यावरून मला काका दिसले. मंडपाची झालर धरायला त्यांनी हात वर केला होता. झालर हातात आली आणि ते हळूहळू खाली बसले. गुरुजींना वाटलं, भावना अनावर झाल्या. लोक त्यांच्यावरही अक्षता टाकत होते.

दाराशी तयार गाडी एकच होती, झेंडूच्या माळा घातलेली. तिच्यात मागं काकांना आडवं केलं आणि पुढं मी बसलो. धोतर, उपरणं, मुंडावळ्या, गळ्यात हार. हॉस्पिटलच्या फाटकावरच्या माणसानं हसून सलाम केला. व्हीलचेअर घेऊन धावत आलेल्या दोघांनी मला दंडाला धरलं. मी नाही, मी नाही, असं ओरडत असताना काका स्वतः दार उघडून उतरायला लागले होते. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, क्या हुआ? मी घाबरलेला होतो. तोंडातून निघालं, ‘शादी.’ तिनं माझ्याकडे बघून सहानुभूतीनं मान हलवली.

ईसीजी काढायला शर्ट उघडला तर छातीवर लाल ठिपके. सिस्टर दचकली. मग तिच्या लक्षात आलं की त्या कुंकवाच्या अक्षता आहेत, घामानं चिकटलेल्या. एकेक वेचून ती कचऱ्याच्या डब्यात टाकायला लागली तशी काकांनी तिचा हात धरला आणि त्या पायदळी जाता कामा नयेत, असं बजावलं. तिनं बिचारीनं औषधाच्या छोट्या कपात गोळा करून त्यांच्या उशाशी ठेवल्या. मग प्रश्न आला, पेशंटचे तुम्ही कोण? मी खरं ते सांगितलं, किराएदार. असं चालत नाही, म्हणाली, कोई अपना बुलाइए. स्ट्रेचरवरून आवाज आला, ‘लिहा, पोट्टा हाये माहा.’ वेदनेनं ओठ पांढरे पडलेल्या माणसाचा तो आवाजसुद्धा खोलीबाहेरच्या बाकापर्यंत गेला.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी भराभर सांगितलं की हृदयाची मोठी नस बंद झाली आहे, आत्ताच्या आत्ता आत तार घालून ती उघडायला हवी, एकेक मिनिट मोलाचं आहे. सही करा. काकांनी सही करायला नकार दिला.

‘माह्यं शेवटचं राहिलं,’ ते म्हणाले. ‘आधी ते होऊ द्या. मंग काय टाकायची ते तार टाका.’

डॉक्टरांना वाटलं, म्हाताऱ्याची शेवटची इच्छा वगैरे आहे. मी समजावून सांगितलं की एक कडवं आहे. डॉक्टरांनी माझ्या मुंडावळ्यांकडे पाहिलं आणि चाचा, गाना बाद में, असं हात जोडून सांगितलं. काका ऐकेनात. अंतरपाट चुकीच्या टायमाले पडला, म्हणे. मुलगा-मुलगी अधांतरी हायेत. हे पाप घेऊन मी आत जाणार नाही. बाजूला मशीन टुकटुक करत होतं, मध्येच अडखळत होतं. त्यांनी कान देऊन ऐकलं आणि बँडवाल्यापेक्षा बरा हाये, पण समेवर येत नाही, असा अभिप्राय दिला. सिस्टरला हसू आलं. मला आलं नाही, कारण ती सम त्यांच्याच छातीतली होती.

मी ओरडलो. घरमालकावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो, काका, मरायचंय का तुम्हाला? तेव्हा त्यांनी माझं उपरणं धरून मला खाली ओढलं आणि त्या भल्यामोठ्या आवाजाच्या माणसानं माझ्या कानात, मलाही जेमतेम ऐकू येईल असं सांगितलं:

‘मले भेव लागून राहिलं बे.’

कडवंबिडवं सगळं बहाणा होता. मला त्यांची फार माया आली. मी नुसता हात धरून उभा राहिलो, आणि डॉक्टर घड्याळाकडे बघत राहिले.

तेवढ्यात माझी बायको आली. भावाच्या मोटरसायकलवर मागं बसून, शालूचा काचा मारून आली होती. डॉक्टरांनी तिला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. ती काकांच्या पायाशी उभी राहिली.

‘काका, तो शादी नहीं हुई?’

‘कशी होईन, पोरी? माह्यं कडवं राहिलं.’

‘हव,’ तिनं छत्तीसगढीत हो म्हटलं. तिनं कपाळाच्या मुंडावळ्या सोडल्या, नीट गुंडाळल्या आणि काकांच्या हातात दिल्या. ‘तब मैं बीरगांव जाती हूँ. आप ठीक होके गा दीजिए, उस दिन आ जाऊँगी.’

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं. लग्न झालेलं नसलं तरी तेवढं मला कळलं.

काका गयावया करायला लागले. लोक काय म्हणतील, आईबाप काय म्हणतील, मी लावलेलं एक लग्न आजवर मोडलं नाही. ती म्हणाली, ते तुम्ही बघा, आणि दाराकडे वळली. खरोखर वळली. तिच्या चालण्यात नाटक नव्हतं. काकांना ते माझ्याआधी कळलं असावं, कारण ती दारात पोचायच्या आत त्यांनी डॉक्टरांकडे पेन मागितलं. आत नेताना त्यांच्या मुठीत त्या मुंडावळ्या होत्या. सिस्टरनं सोडवून माझ्याकडे दिल्या.

तार गेली, नस उघडली, काका वाचले. शुद्ध हरपलीच नव्हती, त्यामुळे आत त्यांनी डॉक्टरांना त्यांच्या मामांचं आडनाव विचारून घेतलं. डॉक्टर अविवाहित होते.

मग सुरू झाला हॉस्पिटलातला मुक्काम. लग्नाला जमलेलं सगळं वऱ्हाड जेवून भेटायला आलं. फाटकावर दोन-दोनच सोडतात म्हटल्यावर बायकांनी पंगतीसारख्या पाळ्या लावल्या. पहिली पंगत आत, दुसरी बाकावर, तिसरी अजून वाटेत. हृदयाच्या पेशंटला प्रत्येकानं जिलबी आणली. काकांनी एकही खाल्ली नाही आणि एकही परत जाऊ दिली नाही. सिस्टर, वॉर्डबॉय, शेजारच्या खाटेवरच्यांचे नातेवाईक, सगळ्यांना वाटायला लावली. कोणी आलं की ते मला खुर्ची पुढे करायला सांगत. चहा पाजल्याशिवाय उठू देत नसत. एका आजोबांना त्यांनी जेवूनच जा असा आग्रह केला, आणि हॉस्पिटलातून आलेलं आपलं बिनमिठाचं ताट त्यांच्यापुढे सरकवलं. आजोबांनी मुकाट्यानं खाल्लं. डॉक्टर राउंडला आले तर काका पाहुण्यांना पोचवायला लिफ्टपाशी उभे, हातात सलाईनची बाटली उंच धरलेली. डॉक्टर इतके चिडले की त्यांनी काकांना सक्त ताकीद दिली: चालायचं नाही, बोलायचं कमी, आणि गायचं तर नावसुद्धा काढायचं नाही. मी सांगेपर्यंत नाही.

या ताकिदीचा खरा मार मला बसला. बायको शब्दाची पक्की. ती बीरगांवला गेली ती गेलीच. माझी आई कार्यालयात सगळ्यांना सांगत बसली होती की सून माहेरी आहे, पेशंट बरा आहे, आणि मुलाचं काही कळत नाही. मी दिवसा काकांपाशी आणि संध्याकाळी बीरगांवला, स्थळ बघायला आल्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसलेला. सासरे संकोचानं विचारत, भैया, काका गाने लगे क्या? मी म्हणे, अभी नहीं. मग ते उसासा टाकून चहा मागवत. बायको आतून दारात येऊन माझ्याकडे बघून हसायची. खरं सांगायचं तर लग्नाआधी मी तिच्या इतका प्रेमात नव्हतो, जितका त्या दिवसांत पडलो.

घरी आल्यावर काकांनी तोडगा काढला. रेल्वेत एखाद्या जागेवर माणूस कायम करायच्या आधी तात्पुरती मंजुरी देतात, तशी त्यांनी आम्हाला दिली. पोरीनं नांदायला यावं, कायम करण्याचं पुढं बघू. ती रिक्षातून सूटकेस घेऊन उतरली, काकांच्या पाया पडली आणि वर आली. असं तिचं गृहप्रवेशाचं माप ओलांडणं झालं.

पुढं डॉक्टरांनी गायला परवानगी दिली. काका पुन्हा लग्नाकार्यात जायला लागले, आता खुर्चीवर बसून. बँडमास्तरशी खुणेसाठी पांढरा रुमाल ठरला. पण आमचं कडवं काही त्यांनी म्हटलं नाही. आधी घसा बरा नव्हता. मग मुहूर्त नव्हता. मग अधिक महिना निघाला. मग मुलगा झाला, तर त्याचं नाव घालायला वृत्तात जागा करावी लागेल म्हणाले. तपासणीला गेले की डॉक्टर पहिला प्रश्न विचारत, गाया क्या? आणि काका मोठ्या समाधानानं सांगत, पेंडिंग हाये. मी चिडायचो. एकदा बायको भाजी निवडता निवडता मला म्हणाली की तुम्हाला एवढं कळत नाही का, ते कडवं राहिलंय म्हणून त्यांना जगत राहायला काम आहे. त्यानंतर मी विचारणं सोडलं.

बायको त्यांच्याकडून मराठी शिकली. त्यामुळे तिची मराठी पुस्तकातली नाही, काकांची आहे. माझी पुण्याची मावसबहीण ती ऐकून गोंधळते. मुलगा मात्र आम्हा दोघांनाही हिंदीतच उत्तर देतो.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना परत न्यावं लागलं. तेच हॉस्पिटल, डॉक्टरही तेच. कानशिलांवरचे केस पिकलेले, लग्न झालेलं, अर्थातच काकांच्या मंगलाष्टकांनी. या वेळी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता तार घालण्यासारखं काही उरलेलं नाही. हृदय दमलंय. मी आत आलो तेव्हा दुपार होती, बायको त्यांना चमच्यानं पेज भरवत होती. काकांनी चमचा बाजूला केला आणि मला पायाशी घडी घातलेली चादर उचलायला सांगितली.

‘धर तिकून,’ ते म्हणाले. ‘आज उरकून टाकू तुमचं.’

मी आज्ञाधारकपणे चादर उचलली. काय उचललं हे हातात आल्यावर कळलं. बायकोनं माझ्या हातातून ती काढून घेतली, पुन्हा घडी केली आणि त्यांच्या पायांवर ठेवली.

‘आज नाही, काका,’ ती म्हणाली. ‘आमाले घाई नाही.’

 काका रागावतील असं वाटलं होतं, पण रागावले नाहीत.

‘तुले नसंल, पोरी,’ ते म्हणाले. ‘मले हाये.’

 मग तिनं डोळे पुसले, चादर उलगडली, एक टोक सिस्टरच्या हातात दिलं, एक वॉर्डबॉयच्या, आणि पलीकडे जाऊन उभी राहिली. काका म्हणायला लागले. कडव्यात माझे मामा होते, तिचे मामा होते, आमचं ऑफिस होतं, वृत्तात बसवायला बीरगांवची एक मात्रा कापलेली होती, मुलाचं नाव शेवटी दाटीवाटीनं बसवलं होतं, आणि एकमेकांना जेवलास का म्हणून विचारत जा, असा उपदेश होता. सदर बाजार हलवणारा आवाज चादरीपर्यंतसुद्धा नीट पोचत नव्हता. मला पलीकडची फक्त तिची पावलं दिसत होती. ‘शुभ मंगल’ झालं, मग त्यांनी श्वास घेतला, आणि सिस्टर चादरीचं टोक सोडून त्यांची नाडी बघायला झुकली.

त्यांनी ‘सावधान’ म्हटलं. मी ऐकलं, अगदी स्पष्ट ऐकलं. बायको आजही सांगते की ते म्हणालेच नाहीत, तेवढं राहिलंय. मी वाद घालत नाही.